लपवलेली गोळी

दौलताबादचा किल्ला छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आलेल्या पोराला मेंढा तोफ आठवते, अंधारी वाट आठवते आणि 'वेडा महंमद' आठवतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, पुढे दोन-तीन वर्षांत तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवायचा घाट घातला. दोन्ही बेत अंगाशी आले. दख्खनवर दिल्लीत बसून ताबा राहत नाही, हे त्याचं गणित काही वेड्याचं नव्हतं. आणि नाणी बुडाली ती लोकांनी घरोघर खोटी नाणी पाडली म्हणून. इतिहासकारांचं हे सगळं सांगून झालं आहे. तरी महंमद वेडाच राहिला, कारण एकदा वेडा म्हटलं की पुढची कारणं शोधायचं काम उरत नाही.

ज्याला आजार असल्याचा काही पुरावा नाही त्याला आपण असं वेड्यात काढतो. ज्याला खरोखर आजार आहे त्याच्या बाबतीत उलटं करतो, आजारालाच स्वभाव म्हणतो. लहरी आहे, उधळ्या आहे, पैशाचा माज आलाय, आता काय तर आळशी झालाय. बायपोलर आजाराचा निम्मा इतिहास अशा विशेषणांखाली गाडलेला असतो.

'बायपोलर' हा शब्द हल्ली कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येतो. सकाळी खुशीत असलेली मैत्रीण संध्याकाळी रुसली की ती बायपोलर. प्रत्यक्षात मॅनिया आणि नैराश्य अशा दोन ध्रुवांचा हा आजार तासातासाला रंग बदलत नाही. मॅनियाचं निदान करायचं तर ती अवस्था निदान आठवडाभर टिकलेली असावी लागते, नैराश्याचं दोन आठवडे. आणि उपचार नसतील तर दोन्ही काही महिने चालतात. मॅनियात माणूस रात्री दोन-तीन तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणं थांबत नाही, डोक्यात योजना मावत नाहीत. गुलमंडीतल्या दुकानदाराला हे झालं तर पहिले काही दिवस घरचे खूशच असतात, पोरगं अखेर धंद्याला लागलं म्हणून. मग हप्त्यावर प्लॉट, ओळख नसलेल्याला उधारी, रात्री दोनला नातेवाइकांना फोन, कुणी अडवलं की हातघाई. आणि काही आठवड्यांनी तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, तेव्हा गल्ली म्हणते, कर्ज झालं ना, आता नाटकं करतोय. दोन ध्रुवांच्या मधे मात्र तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तुमच्याआमच्यासारखा असतो. ही मधली वर्षं कुणी हिशेबात धरत नाही. जगाच्या लेखी तो कायमचा 'तसला' असतो, आणि घरच्यांच्या लेखी 'आता बरा आहे ना, मग गोळ्या कशाला?' दोन्ही बाजूंनी परिणाम एकच होतो, गोळ्या बंद होतात.

या मधल्या वर्षांमुळे आणखी एक फसगत होते. आजार फेऱ्याफेऱ्यांनी येतो, म्हणजे प्रत्येक फेरी कधी ना कधी आपोआपही ओसरते. त्यामुळे ती ओसरण्याआधी शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. अंगारा, गंडा, दर्ग्यावरचे गुरुवार, कुणी सांगितलेली जडीबुटी, सगळेच गुणकारी ठरतात. लोक मूर्ख म्हणून तिथे जातात असं मला वाटत नाही. मांत्रिक म्हणतो, 'बाहेरचं आहे', म्हणजे दोष रुग्णाचाही नाही आणि आईबापाच्या संस्काराचाही नाही. अपराधाचं हे ओझं उतरवायला डॉक्टरकडे गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. अर्थात भूत उतरवायला साखळीने मारणं वेगळं. तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

किती लोकांना हे होतं? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार शंभरातल्या अर्ध्या माणसाला, म्हणजे दोनशेत एकाला, आयुष्यात कधीतरी. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी तोच आकडा धरू. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सदतीस लाखांची. त्यातले प्रौढ बावीस लाख मानले तर अकरा हजार माणसं होतात. हिशेब ढोबळ आहे. त्याच सर्वेक्षणात अशा दहांपैकी सात जणांना उपचार मिळत नव्हते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्या चारांत मराठवाडा नाही. निजामाच्या अमदानीत जालन्याला मनोरुग्णालय होतं, ते पन्नाशीच्या दशकात हैदराबादला एर्रागड्ड्याला गेलं. इथल्या गरिबाला राहता राहिली घाटी, म्हणजे शहरातलं सरकारी रुग्णालय, आणि 'घाटीत मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं' असं मोघम सांगण्याची सोय.

कलंक म्हणजे मनाला लागणारी गोष्ट, असं धरून आपण त्यावर बोलतो. म्हणून उपायही मन मोठं करण्याचे सुचवतो. या आजारात तो रक्तात उतरतो, आणि तिथे तो मोजता येतो.

लिथियमचं उदाहरण घ्या. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने मॅनियाच्या दहा रुग्णांना लिथियमचे क्षार देऊन पाहिले, आणि मनोविकाराच्या औषधांचं आधुनिक युग तिथून सुरू झालं असं मानतात. लिथियम हे मूलद्रव्य आहे, निसर्गात सापडणारं, म्हणून त्यावर कुणाला पेटंट घेता आलं नाही. गोळी आजही स्वस्त आहे. ती झोपेची गोळी नाही आणि तिची चटक लागत नाही. या आजारात आत्महत्येचा धोका इतरांच्या वीस ते तीस पट असतो, आणि तो कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत लिथियमचा क्रमांक वरचा. मात्र ते भारी काटेकोर आहे. रक्तात लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हवं; १.५च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवायचं.

आता हे औषध मराठवाड्यात आणा. मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ यांतला फरक नीट कळत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही. मे महिन्यात पारा बेचाळिसावर, नळाला पाणी येऊन आठवडा उलटलेला, शेतात किंवा स्लॅबवर घाम गाळणारा माणूस. निर्जळी एकादशी. उन्हाळ्यात आलेला रमजान. जुलाब लागलेले. ब्लड प्रेशर निघालं म्हणून कुणी मीठ तोडायला सांगितलेलं, आणि जोडीला दिलेली गोळी, जिच्यातल्या काही प्रकारांनी लिथियम आणखी वाढतं. कंबर धरली म्हणून मेडिकलवरून घेतलेली डायक्लोफिनॅक, तीही तेच करते. यातल्या प्रत्येकावर तोड आहे. डॉक्टरला विचारून मात्रा बदलता येते, दुसरी वेदनाशामक गोळी मिळते, उपास सोडता येतो. फक्त त्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरला, मेडिकलवाल्याला, उपास धरायला लावणाऱ्या आजेसासूला ठाऊक हवं की हा माणूस लिथियम घेतो. तेच तर कुणाला सांगायचं नसतं. गोळ्यांचं पाकीट कपाटात साड्यांखाली, नाहीतर बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत.

मात्रा चढली की हात थरथरतात, उलट्या होतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो. पाहणारा काय म्हणतो? दुपारीच लावून आलाय. आणि ज्या एका-दोघांना गोळीचं माहीत असतं ते म्हणतात, बघा, या औषधांनी मेंदू बधिर करून टाकला. विषबाधा टळण्याजोगी होती, पण तिचा दोष औषधाच्या खात्यावर जमा होतो आणि पुढच्या घरातला माणूस त्या गोळीला हात लावत नाही.

बाईच्या वाट्याला याहून कठीण येतं. 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला मुलालाही मिळतो. फरक असा की त्याला सांभाळणारी आणली जाते आणि मुलगी सांभाळणाऱ्यांपासून दूर पाठवली जाते. स्थळ मोडू नये म्हणून आजार सांगत नाहीत. सासरी गोळी दिसू नये म्हणून ती हळदीच्या आधीच थांबवतात, आणि लग्नघरातली चार-पाच रात्रींची जागरणं वर पडतात. झोप मोडणं हे मॅनियाला थेट निमंत्रण. दुसरी तऱ्हा, तिने चोरून गोळी चालू ठेवली. ती या आजारावरची दुसरी गोळी, व्हॅल्प्रोएट, असेल आणि दिवस राहिले तर दहांतल्या एका बाळाला जन्मजात व्यंग होऊ शकतं, आणि दहांतल्या तीन-चारांच्या वाढीत, बुद्धीत अडचणी येतात. औषध आधी बदलून मगच मूल होऊ द्यायचं, इतकी साधी गोष्ट. पण ती नवऱ्याला सांगितल्याशिवाय होणार कशी? बाळंतपणानंतरचे आठवडे तर या आजारात सर्वांत धोक्याचे. बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आई असंबद्ध बोलायला लागते आणि घरात लिंबू-मिरच्या येतात. ज्या डॉक्टरने प्रसूती केली त्याला तिचा आधीचा इतिहास कुणी सांगितलेला नसतो.

लपवणाऱ्यांना कायद्याची भीती असते, आणि तीही उलटी. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे खरं, पण नुसतं निदानाचं नाव त्याला पुरत नाही. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितलं की स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही. आजार किती तीव्र आहे आणि त्यासह एकत्र राहणं अशक्य आहे का, हे पाहावं लागेल. उलट लपवाछपवी ही फसवणूक ठरू शकते, आणि फसवणुकीने झालेलं लग्न रद्द करायला तोच कायदा वाट देतो. माझं मत विचाराल तर बायोडेटावर लिहायची गरज नाही, तिथे कुणी आपला मधुमेहही लिहीत नाही. पण साखरपुड्याआधी दोघांनी समोरासमोर बसून बोललं पाहिजे, आणि गोळीच्या नावासकट.

सांगणाऱ्यांची उदाहरणं आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याच आजारावर शिकवणाऱ्या के रेडफिल्ड जेमिसन यांनी १९९५ साली आत्मकथन लिहून आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं. मॅनियाच्या मोहापायी आपण लिथियम पुन्हापुन्हा सोडत होतो, हेही त्यात आलं. आपल्याकडे गायक हनी सिंगने २०१६ साली सांगितलं. मराठीत स्किझोफ्रेनियाला २००४ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'देवराई' हा चित्रपट मिळाला आणि कितीतरी घरांना बोलायला निमित्त झालं. पण प्राध्यापकाने सांगणं वेगळं आणि वाळूजच्या कंत्राटी कामगाराने सांगणं वेगळं, हे 'मोकळेपणाने बोला' म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात कारखाने तीन पाळ्यांत चालतात. आठवड्याला पाळी बदलते, म्हणजे झोपेचं वेळापत्रकही. बायपोलर असलेल्याला रात्रपाळी म्हणजे गोळी घेऊनही आजाराला दार उघडं ठेवणं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकार दिव्यांगत्वात मोडतो. त्या कायद्याच्या आधारे कायमची दिवसपाळी मागता येईल असं कागदावर दिसतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनोविकारासाठीही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं. दोन्हींसाठी अर्जात आजाराचं नाव लिहावं लागतं. कायम कामगार कदाचित लिहील. ज्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी सुपरवायझरच्या मर्जीवर वाढतं तो नाही लिहिणार. तो डॉक्टरला विनवील की सर्टिफिकेटवर नुसतं 'अशक्तपणा' लिहा, आणि रविवारपासून पुन्हा रात्रपाळीला जाईल. त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याने हिशेब नीट केलेला आहे, आणि त्या हिशेबातले सगळे आकडे आपण भरलेले आहेत.