बयाणा

ब्रिटिश संसदेने १८३३ साली वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती मिळाली मळेवाल्यांना. पिढ्यान् पिढ्या ऊस तोडणाऱ्यांच्या हाती काही पडलं नाही. कायद्याच्या लेखी माणूस ही मालमत्ता होती आणि नुकसान मालकाचं झालं होतं.

आमच्या ठाणे जिल्ह्यात माणूस असा उघड विकत घेतला जात नव्हता, पण कर्जाने बांधला जात होता. तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या डहाणू-उंबरगावकडे लग्नापुरते पैसे उचललेला वारली आपल्या बायकोसह सावकाराकडे राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटावं अशी सावकाराची इच्छाच नसे. त्याला व्याजापेक्षा हात हवे होते. १९४५ साली श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेने तिथली वेठबिगारी मोडली.

शहापूर-मुरबाडला हाच हिशेब वीटभट्टीवर दिसतो. पावसाळ्यात कातकरी वाडीवरचं धान्य संपतं. तेव्हा भट्टीवाला बयाणा देतो आणि दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब टेम्पोत बसून जातं. भांडी, कोंबड्या, शाळेतली पोरंसुद्धा. मजुरी हजार विटांवर. वहीत नाव नवऱ्याचं, पण माती कालवण्यापासून विटा उलटण्यापर्यंत बायको आणि मुलं त्याच्या बरोबरीने खपतात. एका नावावर चार-पाच जणांचे श्रम मिळतात, म्हणून वीट स्वस्त पडते. दर आठवड्याला खर्ची मिळते तीही बयाण्यात धरली जाते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, आणि पुष्कळदा मजुराकडेच बाकी निघते. मळेवाल्याला निदान गुलामाला बारा महिने जगवावं लागे. भट्टीवाल्याला तेही लागत नाही. पावसाळ्यातली उपासमार मजुराची, आणि तीच पुढच्या बयाण्याची सोय करते. कल्याण-भिवंडीच्या इमारतींच्या किमतीत हा खर्च कधीच धरला जात नाही, याचा मला संताप येतो.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने मात्र १८३३ च्या उलट पाऊल टाकलं. त्याने बांधून ठेवणारं कर्जच रद्द केलं. कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही धनकोवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरवली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने या कायद्याच्या आधाराने जिल्ह्यात मजूर सोडवले.

पण सुटलेला मजूर पुढच्या श्रावणात काय खातो? महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे. त्याखाली वाडीजवळ काम निघालं, मजुरी वेळेवर हातात पडली आणि रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असली, तर बयाण्याला नाही म्हणता येतं. तहसील कचेरीने मुक्तीचा दाखला देताना, त्याच दिवशी, ही तीन कामंही पुरी करून द्यायला हवीत.