अकरा महिन्यांची माती



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२

काल अकराव्या श्लोकात आपण पाहिलं की देवांनी माणसांना जपावं, माणसांनी देवांना जपावं, आणि या देवाणघेवाणीतून दोघांचंही भलं व्हावं. वाचायला फार गोड वाटतं. आज मात्र भगवंत त्याच वाक्याची दुसरी बाजू दाखवतात. यज्ञाने तृप्त झालेले देव तुम्हाला हवं ते देतील. पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो एकटा भोगतो, तो चोर आहे. मूळ श्लोकात शब्द आहे ‘स्तेन’. स्तेन म्हणजे सरळ चोर. आळशी, अज्ञानी, स्वार्थी असा कुठलाही सौम्य शब्द भगवंतांनी इथे वापरलेला नाही.

हा श्लोक मी आधीही वाचला होता, पण स्वतःला कधी लागू केला नव्हता. या वेळी तो लागला तो शेणखताच्या वासात, हातात खुरपं असताना. कसा, ते सांगते.

गेल्या जुलैत मी दहिसर पश्चिमेला, नदीपासून जवळच, एक वाफा भाड्याने घेतला. एका मालकाची रिकामी जागा, तिथे आखलेले बारा वाफे, प्रत्येक दहा फूट बाय चार फूट. महिन्याला ठरलेलं भाडं, पाणी मालकाचं, आणि नियम एकच : रासायनिक खत नाही, फवारणी नाही. करार अकरा महिन्यांचा. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाला अकरा हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपलं घर अकरा महिन्यांचं, मग शेतही अकरा महिन्यांचं!

पहिल्या दिवशी खणलं तेव्हा माती कमी आणि डेब्रिज जास्त निघालं. विटांचे तुकडे, टाइल्स, दुधाच्या पिशव्या. पावसाळ्यात लावलेली भेंडी गुडघ्याएवढी होऊन थांबली. लाल माठ आला, पण त्याचा रंगच धरेना. शेजारच्या वाफ्यातल्या काकू म्हणाल्या, “अगं, तिला आधी जेवायला घाल. उपाशी माणूस काय वाढणार तुला?”

मग जेवायला घालणं सुरू झालं. घरचा ओला कचरा, नारळाच्या शेंड्या, तबेल्यातून आणलेलं शेण. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या सोसायटीतल्या रेन ट्रीची पानं झडतात आणि वॉचमनकाका ती गोळा करून जाळायचे. ती मी पोत्यात भरून न्यायला लागले. थंडीत मेथी लावली तेव्हा काकूंनी आणखी एक गोष्ट शिकवली. बाजारात मेथीची जुडी मुळासकट मिळते म्हणून आपणही मुळासकट उपटतो. मेथी डाळींच्या कुळातली. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. म्हणून मेथी कात्रीने कापायची, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. पाला आपल्याला, मुळं मातीला. त्या दिवशी हे फक्त बागकाम वाटलं होतं.

जानेवारीत पहिल्यांदा खुरप्याच्या टोकाला गांडूळ आलं. मी अक्षरशः ओरडले. नऊ-दहा महिन्यांत माती काळी झाली, हातात भुसभुशीत लागायला लागली. आणि एप्रिलच्या सुरुवातीला मालकांनी सांगितलं की मेनंतर करार वाढणार नाही. जागा त्यांना हवी आहे, बहुतेक गाड्या उभ्या करायला. त्यांचं काही चुकलं नाही. करारात लिहिलेलंच होतं.

खरा प्रश्न पुढे आला. फेब्रुवारीत भरलेला कंपोस्टचा ड्रम एप्रिलअखेर तयार झाला. काळंभोर, पावसात भिजलेल्या जंगलासारखा वास येणारं खत. करार संपायला एक महिना. हे खत मी त्या वाफ्यात का घालू? फळ तर मला मिळणार नाही. ‘भाड्याचं घर, खाली कर’ असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. भाड्याच्या घराला शेवटच्या महिन्यात कोणी रंग लावतं का? उलट आपण विचार करतो : डिपॉझिट सुटलं म्हणजे झालं. माझा बेत ठरला. खत घरी न्यायचं, खिडकीतल्या कुंड्यांना घालायचं, आणि महिनाभर वाफ्यातून निघेल तेवढी भाजी काढायची.

त्याच आठवड्यात रोजच्या वाचनात हा बारावा श्लोक आला. एकदम लाज वाटली, हे खरं. पण लाज वाटली म्हणजे उत्तर सापडलं असं होत नाही.

म्हणून मी विनोबांकडे गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. तीच ‘गीता प्रवचने’. त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा यज्ञ, दान आणि तप असे तीन वेगळे कप्पे करतात. आपण सृष्टी वापरतो, तिची झीज होते. ती भरून काढणं म्हणजे यज्ञ. समाजाकडून आपण घेतो. ते फेडणं म्हणजे दान. शरीर वापरतो, त्याची शुद्धी म्हणजे तप. आणि यज्ञाचं त्यांचं उदाहरण शेतीचंच आहे : दर वर्षी पीक काढून जमिनीचा कस कमी होतो, तो तिला परत द्यायला हवा.

इथे माझा गोंधळ उघडा पडला. मी खत घालण्याला ‘दान’ समजत होते. दान म्हटलं की मन लगेच विचारतं, कोणाला? त्या मालकाला? आणि का? पण हे दान नव्हतंच, ही परतफेड होती. वर्षभर मेथी, मुळा, पालक, माठ मी त्याच मातीतून खाल्ला. भाडं मी मालकाला दिलं, मातीला नाही. ती दोन खाती वेगळी आहेत. मालकाचं खातं करारावर सही करून बंद होतं. मातीचं खातं कुठल्याच कागदावर नाही, म्हणूनच ते विसरणं सोपं आणि म्हणूनच तिथे चोर होणंही सोपं.

संत सावता माळी आपल्या सगळ्यांचे लाडके. सोलापूर जिल्ह्यातलं अरण त्यांचं गाव, १२९५ ची समाधी. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, असं परंपरा सांगते. पण मनात आलं, महाराजांचा मळा त्यांचा होता, माझं काय? मग लोकल आठवली. दहिसर सोडून मीरा रोडकडे जाताना रुळांच्या कडेला पालेभाजीचे हिरवे पट्टे दिसायचे ना? रेल्वेची जमीन, परवान्याने कसायला दिलेली. पिकवणाऱ्याची मालकी एका इंचावरही नव्हती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती बनवून भाज्या आणि फळं उभी केली, ती गच्चीही कोणाच्या नावावर नव्हती. आपल्या शहरात माती ही अशीच, दुसऱ्याच्या जागेवर तयार होते. आणि खरं सांगायचं तर अरणचा मळा तरी कोणाचा होता? महाराजांना विचारलं असतं तर त्यांनी विठोबाकडे बोट दाखवलं असतं.

आता एक प्रामाणिक अडचण. समजा जूनमध्ये तिथे खरंच पेव्हर ब्लॉक बसले. मग खाली गाडलेलं माझं खत यज्ञ की नासाडी? काही मित्र म्हणतील, ‘फळाची चिंता करू नकोस, घालून मोकळी हो.’ मला हे उत्तर जरा घाईचं वाटतं. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. सतराव्या अध्यायातच भगवंत सांगतात की सात्त्विक दान देताना देश, काळ आणि पात्र बघावं. मग परतफेड करतानाही बघायला हवं. आपलं देणं चुकवायचं म्हणून नोटा नदीत टाकल्या तर देणं फिटत नाही.

काकूंना विचारलं. त्यांचाही करार माझ्याच दिवशी संपतोय. त्या त्यांच्या वाफ्यावर वाळलेली पानं पसरत होत्या.

“काकू, महिन्याने इथे गाड्या लागणार आहेत.”

“लागू दे की.”

“मग हे कशासाठी?”

“ऊन बघ कसलं पडलंय. आज तिला तहान लागलीय, ती काय जूनची वाट बघणार?” मग हसून म्हणाल्या, “आणि उरलेलं खत तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, तू?”

मी चढवलं नाही. ठरवलं ते असं. अर्धं खत वाफ्यात घातलं आणि त्यावर माठ पेरला, कारण तो महिन्याभरात हाताशी येतो आणि माती उघडी पडत नाही. उरलेलं अर्धं आमच्या सोसायटीतल्या पारिजातकाच्या आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी, आणि त्या रेन ट्रीच्या आळ्यात, जिची पानं मी न विचारता नेली होती. वॉचमनकाकांनी आता पानं जाळणं बंद केलंय, कोपऱ्यात खड्डा केलाय. खिडकीतल्या कुंड्यांना एक तांब्याभर घातलं, तेवढं खोटं बोलणार नाही.

माझ्यापुरतं मला हे उमगलं : देणं मालकाचं नाही आणि फक्त माझ्या चाळीस चौरस फुटांचंही नाही. देणं मातीचं आहे. ती एका जागी झाकली जाणार असेल तर दुसरीकडे फेडता येतं. पण ‘ही जागा माझी नाही’ हे न फेडण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट, परीक्षा शेवटच्या महिन्यातच होते. पहिल्या महिन्यात खत घालणं म्हणजे गुंतवणूक, ती व्यापारीही करतो. परत काही मिळणार नाही हे माहीत असताना घातलेली पाटी, तिथे यज्ञ सुरू होतो. आणि तोही उपकार म्हणून नाही. चोर न ठरण्यापुरता.

आपल्यापैकी बहुतेकांचं आयुष्य अकरा-अकरा महिन्यांचं आहे. भाड्याची खोली, पीजीचं स्वयंपाकघर, नोकरीतला नोटीस पिरियड. जाताना आपण त्या जागेला काय देऊन जातो? पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी काम नीट लिहून ठेवतो की ‘आता मला काय त्याचं’ म्हणतो? आणि हे शरीर तरी कुठे कायमच्या करारावर मिळालंय? तेराव्या अध्यायात भगवंत त्यालाच ‘क्षेत्र’ म्हणतात, म्हणजे शेत. त्याचा करार किती महिन्यांचा, ते आपल्याला दाखवलेलंही नाही.

आजचा छोटासा अभ्यास : लवकरच सोडून जायची आहे अशी एक जागा किंवा एक काम आठवा. तिथून आजवर काय काय घेतलं ते वहीत लिहा. त्यातलं एक, फक्त एकच, या आठवड्यात परत करा. मालकाला सांगू नका.

माझा माठ परवा उगवलाय. नखाएवढी लाल पानं. कापायला मिळेल की नाही, बघू.

उद्या श्लोक १३ : वाटून उरलेलं खाणारा आणि फक्त स्वतःसाठी रांधणारा.

राम कृष्ण हरी.