थांबण्याची किंमत

पुनर्विकासाला गेलेल्या मुंबईतल्या चाळीत बिल्डरवरचा विश्वास मोजायचं एक साधं माप आहे: पर्यायी घरासाठी त्याने द्यायचं भाडं वेळेवर येतं का? इमारत दोन वर्षं लांबली तरी लोक कुरकुरत थांबतात. पण भाड्याचे दोन हप्ते चुकले की सभेत आवाज चढतात आणि कुणीतरी वकिलाचं नाव काढतं. वरवर हे उलटं वाटेल, कारण घरापुढे भाड्याची रक्कम ती केवढी! पण काम लांबतं हे लोकांना ठाऊक असतं. त्यांना पाहायचं असतं ते एवढंच, की लांबलेल्या दिवसांचा खर्च कुणाच्या खिशातून जातोय.

कोकण रेल्वेकडे मी याच नजरेने पाहतो. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि रोहा ते मंगळूर मार्ग पाच वर्षांत पुरा करायचं ठरलं. सलग गाडी धावली ती जानेवारी १९९८ मध्ये. गोव्यात मार्गाच्या आखणीला विरोध झाला, काम अडलं. पेडण्याच्या बोगद्यात चिखलासारखी माती पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. सगळ्यात शेवटी उरला तो तोच टापू. तरीही कोकणी माणसाच्या तोंडी या रेल्वेचा उल्लेख आजही अभिमानानेच येतो. (वेळापत्रकाबद्दल तो काय बोलतो, ते वेगळं.)

याचं श्रेय आपण श्रीधरन यांच्या शिस्तीला देऊन मोकळे होतो. शिस्त होतीच, पण मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. जेवढा मार्ग तयार होईल तेवढा वापरात येत गेला. १९९३ मध्ये दक्षिणेला मंगळूर–उडुपी, उत्तरेला रोहा–वीर. मग गाडी खेडला आली, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीला. पेडण्यातली माती ढासळत होती तेव्हा सावंतवाडीच्या माणसाला तिकीट मिळत होतं. शिवाय पैसा बराचसा रोखे विकून उभा केलेला, त्यामुळे दिरंगाईचं व्याज महामंडळाच्याच डोक्यावर चढत होतं. ते ओझं पुढे कित्येक वर्षं उतरलं नाही.

त्याच कोकणातल्या मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. इथेही भूसंपादन अडलं, कंत्राटदार बदलले, २०२३ मध्ये चिपळूणला उभारणीतला पूल कोसळला. कारणं रेल्वेइतकीच खरी असतील. पण अर्धवट रस्ता जुन्या रस्त्याहून वाईट असतो, आणि त्याची किंमत त्याच रस्त्याने जाणाऱ्याने रोज मोजायची असते. नवी तारीख जाहीर करणाऱ्याला मात्र ती फुकट पडते. म्हणूनच ती इतक्या सहज जाहीर होते. दर पावसाळ्यात गणपतीच्या आधी खड्डे बुजवण्याची घोषणा होते, आणि आता ती ऐकून कुणी चिडतही नाही. चिडणं थांबलं, याची काळजी खरं तर सरकारला वाटायला हवी.

घरबांधणीत कायद्याने हा हिशेब थोडा फिरवला. २०१७ पासून राज्यात महारेरा ही गृहप्रकल्पांची नियामक यंत्रणा आहे. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. कामाची प्रगती दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकावी लागते. अर्थात आदेश हातात पडला तरी वसुली जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत, आणि तिथे पुन्हा वाट पाहणं आलंच.

रस्त्यावरच्या माणसासाठी तर असं कलमच नाही. कंत्राटदाराला दंड झालाच तर तो सरकारी खात्यात जमा होतो. कोंडीत रात्र काढलेल्या चाकरमान्याला त्यातला रुपयाही मिळत नाही.