नकाराचे नैतिक मूल्य : ‘सगुणा’ आणि ‘कमला’

मन दोन वाटांवर अडखळते, तेव्हा त्यास दुर्बलता म्हणावयाचे की विवेक, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. स्त्रीच्या संदर्भात मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : तिला कोणी विचारले होते काय? जिचा विवाह अजाण वयातच इतरांनी ठरवून टाकला, तिच्या वाट्याला दुःख येते. द्विधा येत नाही. द्विधेसाठी प्रथम निवडीचा अवकाश असावा लागतो.

अहमदनगर येथे १८६२ साली एका धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांच्या दोन कादंबऱ्या या दृष्टीने विचारार्ह आहेत. त्या इंग्रजीत लिहिल्या गेल्या, परंतु त्यांतील अनुभवविश्व मराठी मुलखातील आहे. आत्मचरित्रात्मक ‘सगुणा’ची नायिका ख्रिस्ती आहे. ती आलेले स्थळ नाकारते, वैद्यकाच्या शिक्षणासाठी मद्रासला जाते आणि पुढे आपल्या पसंतीने विवाह करते. ‘कमला’ची नायिका नाशिक परिसरातील हिंदू बालवधू असून तिला अकाली वैधव्य येते. या दोन नायिका एकाच लेखणीच्या लेकी, म्हणजे एका अर्थी बहिणीच होत. एकीला लाभलेला अवकाश दुसरीला जवळजवळ नाकारलेला आहे.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे, की कादंबरीच्या अखेरीस रामचंद्र कमलेला विवाहाविषयी विचारतो. तिचेही त्याच्यावर प्रेम आहे. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळालेली होती. तरीही दीर्घ अंतर्द्वंद्वानंतर ती नकार देते आणि उर्वरित आयुष्य परोपकारात घालविते. या नकाराचा अन्वय कसा लावावयाचा?

रूढीने तिच्या मनाचा ताबा घेतला होता, असे स्त्रीवादी समीक्षा म्हणेल. ते असत्य नाही. निवेदनाचा कलही त्याच दिशेने आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. कायदा परवानगी देतो, इच्छा देत नाही. आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला, तेव्हा दार उघडले गेले. त्या दारातून प्रत्येकीने गेलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हता. उघड्या दारापाशी थांबण्याचा हक्क मान्य केला नाही, तर सुधारणेचेही रूढीत रूपांतर होते.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’शी (१८५७) तुलना केल्यास कृपाबाईंचे वेगळेपण ध्यानात येते. यमुना ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते आणि लेखकाचा सिद्धान्त तिच्या आयुष्यात सिद्ध होतो. कृपाबाईही ख्रिस्ती होत्या आणि स्वधर्माविषयी निःसंदिग्ध होत्या. तरीही त्यांनी कमलेचे धर्मांतर घडविले नाही की तिचे लग्नही लावून दिले नाही. ज्या श्रद्धेशी आपण असहमत आहोत, त्या श्रद्धेने घेतलेला निर्णय त्यांनी पुसून टाकला नाही. लेखिकेचे मत आणि पात्राची सदसद्विवेकबुद्धी यांतील हे अंतर राखणे, हीच या कादंबरीची नैतिक कमाई होय, असे मला वाटते.

कमलेचा नकार मुक्त होता, असा दावा येथे करावयाचा नाही. ज्या समाजाने तिला घडविले, त्याचा दाब त्या नकारात आहेच. परंतु आयुष्यात प्रथमच तिला कोणी विचारले आणि प्रथमच तिने उत्तर दिले. ते उत्तर आपल्याला रुचत नाही म्हणून ते तिचे नव्हेच असे ठरविले, तर तिच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांच्या जुन्या रांगेत आणखी एकाची, म्हणजे समीक्षकाची, भर पडते. नायिकांना स्वातंत्र्य देताना ते आपल्या पसंतीच्या निवडीपुरतेच देतो काय, हे आपण एकदा तपासून पाहावयास हवे.