योनाचा चौथा अध्याय

ज्यूंचा देव शिक्षा करणारा आणि आपला क्षमा करणारा, हे वाक्य मी लहानपणापासून उपदेशात ऐकत आलो. मी अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलो, वधस्तंभाने माझं तारण झालं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही हे वाक्य खोटं आहे, आणि योनाचं पुस्तकच ते खोटं पाडतं.

संडेस्कूलमध्ये योना म्हटलं की मासा. तीन दिवस माशाच्या पोटात, म्हणून येशूच्या कबरेतल्या तीन दिवसांची ती खूण. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूनेच तसं सांगितलं आहे. ज्यू हेच पुस्तक योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत वाचतात आणि त्यांचं लक्ष निनवेकडे असतं. चाळीस दिवसांत ते नगर उलथून पडायचं होतं. लोकांनी उपास धरला, गोणताट नेसलं, वाईट मार्ग सोडले. यज्ञ नाही, रक्त नाही. देवाने शिक्षा मागे घेतली, आणि रुसला तो योना!

सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, यज्ञ थांबले. ज्यूंनी हाच रस्ता धरला: पाप कबूल करायचं, मागे फिरायचं, नुकसान भरून द्यायचं. मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या नियमांचा जुना संग्रह, तर बजावते की शेजाऱ्याचा केलेला अपराध किप्पूरनेही फिटत नाही, आधी त्याची समजूत काढावी लागते. आमच्याकडे बांधावरून भावाशी बोलणं तुटलेला माणूसही प्रभुभोजन घेतो. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे येशूचं सांगणं आम्ही वाचतो आणि पुढे जातो.

फरक आहे, तो झाकू नये. आदामाचं पाप सगळ्यांत उतरलं, असं पौलाच्या आधाराने ऑगस्टिनने मांडलं. मग माणसाला स्वतःहून सुटका नाही, तारणारा हवाच. यहेज्केल म्हणतो, बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. ज्यू तिथे ठाम आहेत. नरकाविषयीही फरक आहे. मिश्नेत दुष्टांची नरकातली शिक्षा बारा महिन्यांची. म्हणून मुलगा मेलेल्या बापासाठी कद्दीश ही प्रार्थना अकराच महिने म्हणतो, बाप दुष्ट होता असं कुणाला वाटू नये यासाठी. आमच्या उपदेशांत नरकाला अंत नसतो.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या आपलीच मराठी बोलत आले. त्यांच्या देवाविषयी बोलताना आपण सत्य बोललं पाहिजे. उपदेशक बंधूंनो, ते वाक्य सोडा. योनावर बोलाल तेव्हा माशापाशी थांबू नका. 1,20,000 हून अधिक माणसांची आणि गुराढोरांचीही कीव करणाऱ्या देवाचा चौथा अध्याय लोकांना पूर्ण वाचून दाखवा.