समेचे भान

तबलानवाज अहमदजान थिरकवाखाँसाहेब १९७६ साली निवर्तले. त्यांचे स्वतंत्र वादन मी ध्वनिमुद्रिकांवरच ऐकिले. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारे हेच हात! एकट्याने वाजविताना बंधन कोणाचे? पण नाही. त्रितालाचा लेहरा सोळा मात्रांत फिरतो आहे. कायदा धरला, की त्याच्याच अक्षरांतून पलटे. परका बोल घ्यायचा नाही. विस्तार केवढा, गोडवा गाण्याचा, आणि सम अचूक!

आणि आम्ही कीर्तनकार? माना डोलू लागल्या, की मूळ अभंगच सुटतो. परवा माझेच तसे झाले. मृदंगी बिचारा हात उचलून थांबला, आणि बोवा ध्रुपदावर आलेच नाहीत! बाबांनो, विद्या समेपाशी नमली, तरच ती सेवा. नाही तर नुसता अहंकार.

रामकृष्णहरी!