बापासमोरचा पेला

कोकणातल्या शिरोड्याच्या पट्ट्यात मुलगा चाळिशीला आला, त्याची पोरं शाळेत जायला लागली, तरी तो बापासमोर पेला उचलत नाही. पितो, पण मित्राच्या पडवीत किंवा तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात, आणि घराच्या वाटेवर बडीशेप चघळतो. बापाला हे ठाऊक असतं आणि बापाला ठाऊक आहे हे मुलालाही. याला आपण मर्यादा म्हणतो. मला ती मर्यादा वाटत नाही. जिथे दोघांनाही सगळं माहीत आहे तिथे मान राखला जात नाही, फक्त तोंड चुकवलं जातं. पण मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातलं आहे, आणि तेच वडिलांच्या पंक्तीला करायचं म्हणजे पापावर उद्धटपणा, असा आक्षेप येतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही.

पण ग्रंथच काढायचे तर मद्यनिषेधाची महाभारतातली कथा मुळात बापलेकांचीच म्हणावी लागेल. १९२० ते १९३८ शिरोड्यात शाळामास्तर असलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’तले कच आणि देवयानी, म्हणजे शुक्राचार्यांचा शिष्य आणि त्यांची मुलगी, मराठी घरांत ओळखीचे आहेत. असुरांनी कचाला जाळलं, त्याची राख सुरेत कालवली आणि शुक्राचार्यांना पाजली. पुत्रासारखा शिष्य पेल्यात होता आणि गुरूला पत्ता नव्हता. कच पोटातून बोलला तेव्हा शुक्राचार्यांना भान आलं; पुढे त्यांनी ब्राह्मणांना सुरा वर्ज्य केली. ते हादरले ते आपण काय गिळतोय हे न कळल्यामुळे. मग ज्या पेयाने भान जातं ते पिताना भान कशाने राखलं जाईल, लपून पिण्याने की समोरासमोर बसण्याने? उंची व्हिस्कीत चार थेंब पाणी घालून, वास घेऊन, तासभर एकच पेला पुरवणारा मुलगा बापाच्या नजरेत असतो, आणि बापही मुलाच्या. आडोशाला बाटली किती उतरली हे विचारणारं कोणी नसतं.

हा विचार आपल्या मातीला परका नाही. कोकणात गावाच्या राखणदार देवाला कोंबडं आणि दारू देतात ती गाऱ्हाणं घालून, चार माणसांसमोर, ‘बा देवा’ म्हणून नाव घेऊन. राखणदार गावचा वडीलधाराच. त्याला दिलेला पेला उघड्यावर असतो, त्याला निमित्त असतं आणि तो तिथेच संपतो. जे देवापुढे चालतं ते बापापुढे का चालू नये, याचं उत्तर मला कुठल्याच मर्यादेत सापडत नाही.

खरा आक्षेप ग्रंथातून येत नाही, घरातून येतो. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगमंचावर आला, आणि त्यातल्या दारुड्याच्या बायकोचे, सिंधूचे हाल पाहिलेल्या मराठी मनाला घरातला पहिला पेला आजही शेवटचा वाटतो. ही भीती खरी आहे. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीला मत द्यायला उतरणाऱ्या बायका पुस्तकं वाचून उतरत नाहीत. ज्या घराने दारूपायी मार खाल्ला आहे, तिथे माझा युक्तिवाद लागू नाही आणि लागू करूही नये. इतरत्रही एक अट राहतेच. बापलेक ओटीवर बसले आणि आई चुलीपुढे त्यांच्यासाठी बांगडे तळत राहिली, तर लपवाछपवी गेली एवढंच. बरोबरी आली नाही. तिने त्यांच्यात बसावं, पेला घ्यावा किंवा सोलकढी घ्यावी, लेकीनेही बसावं. आणि आईचा जीव या बाटलीने कासावीस होत असेल, तर ती बाटली कपाटातून काढायची की नाही हे तिला आधी विचारायला हवं.